प्रस्तावना : हिशेब बायांच्या हाती

जगातली गरिबी कमी करायचे करार वॉशिंग्टनला होतात, रोमला होतात. त्यांतला कोणता करार खरा ठरला, हे पांढरकवड्यासारख्या गावात कळतं.

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग इथून जातो. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो, आणि टिपेश्वरचं अभयारण्य हाकेच्या अंतरावर आहे. काळी जमीन, पावसावरचा कापूस, गोंड आणि परधान समाजाची गावं, आणि त्यांच्यापासून जरा दूर कोलामांचे पोड, अशी इथली वस्ती. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही इथंच आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत बचत गटांच्या महिलांचा मोठा मेळावा याच गावी झाला. गटांना धनादेश दिले गेले, वर्तमानपत्रांत फोटो आले. त्यामागे ज्या यंत्रणेचं काम होतं तिचं नाव महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. गावागावांत ती 'उमेद' म्हणून ओळखली जाते.

राज्याच्या ग्रामविकास विभागाची ही यंत्रणा २०११ सालची. त्याच वर्षीच्या जुलैत जागतिक बँकेने भारताच्या राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका प्रकल्पासाठी १०० कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज मंजूर केलं, आणि ज्या राज्यांसाठी ते होतं त्यांत महाराष्ट्रही होता. म्हणजे जगभरच्या देशांनी गरीब राष्ट्रांसाठी एकत्र केलेल्या निधीचा एक धागा दिल्ली, मुंबई, यवतमाळ असा येत येत एखाद्या पोडातल्या पाच-दहा बायांच्या बैठकीपर्यंत पोहोचला. तो कसा पोहोचला, वाटेत त्याचं काय झालं, आणि पोहोचल्यावर कुणाच्या आयुष्यात काय बदललं, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो नीट समजायचा तर आधी थोडं मागं जायला हवं.

परदेशी मदत आपल्याला नवी नाही. १९५६ साली भारताने अमेरिकेशी पीएल-४८० चा पहिला करार केला आणि पुढे अनेक वर्षं अमेरिकेचा गहू रेशनच्या दुकानांत येत राहिला. साठच्या दशकाच्या मध्यात लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला, तेव्हा गव्हासोबत लाल मिलो ज्वारीही आली. तिच्या भाकरी खाल्लेली पिढी अजून आहे. त्या धान्याने माणसं जगली, हे कृतज्ञतेनं मान्य केलं पाहिजे. पण धान्य संपलं की भूक पुन्हा दारात उभी असे, आणि जहाज कधी सुटायचं हे दुसऱ्याच्या राजधानीत ठरे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या काळात धान्य हात राखून, थोडं थोडं सोडलं. भारताने शेतीचं धोरण बदलावं हा त्यामागे आग्रह होता, आणि व्हिएतनाम युद्धावरच्या भारताच्या टीकेचा रागही होता.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांच्या काळात वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने विदर्भ-मराठवाड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, ही त्यामागची भूमिका. काम मागणं हा हक्क आहे आणि ते देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे महाराष्ट्राने कायद्यात लिहिलं. देशाने ते स्वीकारायला २००५ साल उजाडलं. गरिबी निवारणाच्या कामात आपण नुसते घेणारे नव्हतो, जगाला दाखवावं असंही आपल्याजवळ होतं, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

मजुरीने दिवस निघतो. पण आजारपण, बियाणं, मुलीचं शिक्षण, घराचं छप्पर यांसाठी एकरकमी पैसा लागतो, आणि गरिबाला तो सावकाराकडूनच मिळतो. १९८० पासून देशातल्या सर्व विकासगटांत राबवलेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाने यावर उपाय म्हणून कर्ज आणि अनुदान एकत्र दिलं. म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन अशा वस्तू वाटल्या गेल्या. लाभार्थी कोण हे वरून ठरे, वस्तू कोणती हेही वरून ठरे, आणि बँकेचं कर्ज अनुदानाच्या मागं ओढत नेलं जाई. १९९९ च्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने एकट्या लाभार्थ्याच्या जागी गट आणला. तरीही अनुदानासाठी गट जमायचा आणि अनुदान मिळालं की मोडायचा, हे अनेक ठिकाणी घडलं. २००९ साली प्रा. आर. राधाकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या योजनेच्या कर्जपुरवठ्याची तपासणी केली, आणि तिच्यातून राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाची कल्पना पुढे आली.

नवी पद्धत मात्र समितीच्या कागदावर जन्मली नाही. ती पैनगंगेच्या पलीकडून आली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने तेव्हाच्या आंध्र प्रदेशात महबूबनगर, कर्नूल आणि अनंतपूर या तीन जिल्ह्यांत एक प्रयोग केला. गरीब बायांचे छोटे गट, गावातल्या गटांचा मिळून संघ, आणि अशा संघांचा मिळून वरचा संघ. २००० पासून आंध्र सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून तो राज्यभर नेला. त्यासाठी सरकारने एक स्वतंत्र संस्था उभी केली आणि पूर्णवेळ माणसं नेमली. पुढे राष्ट्रीय अभियान सुरू झालं तेव्हा तिथल्या अनुभवी बाया दुसऱ्या राज्यांत शिकवायला गेल्या. गरिबीतून स्वतः वर आलेली बाई दुसऱ्या गावात जाऊन राहते, घरोघर फिरते, आपली हकिकत सांगते आणि गट बांधून परत येते. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या आपल्या बायांना 'वर्धिनी' असं नाव मिळालं. परक्या गावात पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करणाऱ्या या वर्धिनींचं ऋण उमेदच्या कोणत्याही अहवालापेक्षा मोठं आहे. परदेशी मदतीतून या मातीत टिकलेली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असं विचारलं तर माझं उत्तर हेच आहे: पैशापेक्षा पद्धत टिकली, आणि ती एका बाईने दुसऱ्या बाईपर्यंत नेली.

ती पद्धत काय आहे हे तपशिलात समजून घेतल्याशिवाय पुढची प्रकरणं कळणार नाहीत. गट दहा ते वीस बायांचा. दुर्गम आदिवासी वस्तीत पाच जणींचाही चालतो, म्हणून लहानशा कोलाम पोडातही गट उभा राहू शकतो. पहिल्या दिवसापासून पाच नियम: बैठक नियमित, बचत नियमित, गटातल्या गटात कर्ज नियमित, परतफेड नियमित आणि हिशेब नियमित लिहिलेला. यालाच पंचसूत्री म्हणतात. पुढे आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, सरकारी योजनांचा लाभ आणि टिकाऊ उपजीविका ही पाच सूत्रं जोडून उमेदने दशसूत्री केली. बचत आठवड्याला दहा-वीस रुपयांची असते. रक्कम छोटी वाटते, पण तिच्यामुळे बाईला गटात बोलण्याचा अधिकार मिळतो. स्वतःचा पैसा गटाच्या पेटीत असला की हिशेब विचारायला कुणी लाजत नाही.

गट काही महिने नीट चालला की सरकार त्याला फिरता निधी देतं. सुरुवातीच्या काळात तो दहा ते पंधरा हजारांचा होता. त्यानंतरचा समुदाय गुंतवणूक निधी थेट एकेका बाईच्या खात्यात जात नाही. तो गावातल्या गटांच्या ग्रामसंघामार्फत गटाला कर्ज म्हणून मिळतो आणि गट तो व्याजासह ग्रामसंघालाच परत करतो. सरकारकडे तो पैसा परत जात नाही. तो गावातच राहतो, एका घरातून सुटून दुसऱ्या घराच्या कामी येतो. ग्रामसंघांवर प्रभागसंघ असतो. हे सगळं उभं राहिल्यावर बँक येते. गटाला वीस लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि वेळेवर फेडणाऱ्या गटांना व्याजात सवलत मिळते. आज देशात या अभियानाखाली ९० लाखांहून अधिक गट आणि १० कोटींहून अधिक कुटुंबं आहेत. सार्वजनिक पैशाचं काम बी पेरण्यापुरतं आहे. वाढ झाली ती बायांच्या बचतीतून आणि बँकांच्या कर्जातून.

या पद्धतीचा केळापूरच्या बाईला काय उपयोग, हे समजायला इथली शेती बघावी लागते. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं आणि सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर असतो. पेरणी, निंदण, वेचणी अशी शेतीतली बहुतेक कामं बाई करते, पण बँकेच्या लेखी ती शेतकरी नसते. नवरा गेला, वाटणी झाली नाही, फेरफार अडकला, तर तिच्या हाती ना जमिनीचा कागद राहतो ना कर्जाची सोय. ज्यांचं वनजमिनीवरचं अतिक्रमण अजून हक्काचं ठरलेलं नाही त्यांचीही हीच अडचण. मग जून उजाडला की कृषी केंद्राची उधारी, खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याची उचल किंवा घेतल्याच्या सव्वापट-दीडपट परत करायचा सवाई-दिढीचा व्यवहार. मोसम संपला की कापूस आधीच दुसऱ्याचा झालेला असतो. यवतमाळने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं दुःख ज्या प्रमाणात सोसलं, ते सगळ्या देशाला माहीत आहे. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. दोन वर्षांनी देशभर कर्जमाफी झाली. पण या दोन्ही उपायांची नजर सातबाऱ्यावरच्या नावाकडे होती. ज्या बाईचं नाव कुठंच नव्हतं तिच्यापर्यंत पोहोचेल असं पहिलं खातं गटाचं होतं. म्हणून या तालुक्यात गटाकडे नुसती बचतीची सवय म्हणून बघणं मला अपुरं वाटतं. इथं गट हा बाईचा अर्थव्यवस्थेत जाण्याचा दरवाजा आहे.

उमेद एकटी नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून काम करतं. रोममध्ये मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने माविमने २००७ पासून 'तेजस्विनी' कार्यक्रम चालवला आणि गटांची लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली. त्याच निधीच्या मदतीने विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 'केम' प्रकल्प आला, त्यात यवतमाळ होता. २०१८ साली जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे 'पोकरा', सुरू झाला. त्यातही यवतमाळची गावं आहेत. एका गावात इतक्या पाट्या लागल्या की गोंधळ होतोच. प्रत्येक प्रकल्पाचा कालावधी वेगळा, नोंदवही वेगळी, उद्दिष्टाचा आकडा वेगळा. तीच बाई प्रत्येकाच्या अहवालात लाभार्थी म्हणून मोजली जाते. मदत देणाऱ्यांनी आणि राबवणाऱ्यांनी गावासाठी एकच नोंद आणि एकच नियोजन मान्य केलं, तर निम्मा ताण कमी होईल.

या वाटेवरचे दोष झाकून ठेवले तर पुस्तकाचा उपयोग नाही. पहिला दोष उद्दिष्टांचा. मार्च जवळ आला की गट किती, खाती किती, कर्ज किती यांचे आकडे मागितले जातात, आणि आकड्यासाठी बांधलेला गट पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. दुसरा दोष गटाबाहेरच्या कर्जाचा. दारात येऊन कर्ज देणाऱ्या खाजगी वित्तकंपन्यांनी गटाच्या सवयीवरच आपला धंदा उभा केला. बैठक तीच, बाया त्याच, पण व्याज जास्त आणि वसुली कडक. गटाचं कर्ज कापसाच्या मोसमाला धरून नीट बांधलेलं नसेल, तर बाई एक फेडायला दुसरं घेते. तिसरा दोष माणसांचा. उमेदचे तालुक्यातले कर्मचारी कंत्राटी आहेत. २०२० साली त्यांच्या करारांचं नूतनीकरण थांबवण्याचा निर्णय झाला, तेव्हा राज्यभर बाया रस्त्यावर उतरल्या. सरकारी कर्मचाऱ्यासाठी लाभार्थ्यांनी मोर्चे काढावेत, हे आपल्याकडे क्वचित घडतं. त्या मोर्च्यांतून यंत्रणेची खरी किंमत दिसली आणि तिची नाजूक स्थितीही दिसली.

तरीही मदतीचा परिणाम होतो, याला पुरावा आहे. राष्ट्रीय प्रकल्पाचं २०२० साली झालेलं स्वतंत्र मूल्यमापन नऊ राज्यांतल्या सुमारे २७ हजार महिलांच्या पाहणीवर आधारलेलं होतं. गटात जास्त काळ असलेल्या घरांचं वार्षिक उत्पन्न सुमारे १९ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं, आणि सावकारी कर्जाचा वाटा घटला. गरिबी एका झटक्यात जात नाही. पण सावकाराचा वाटा घटणं म्हणजे पुढच्या मोसमाचा कापूस थोडा जास्त आपला राहणं, हे इथल्या कुठल्याही घराला समजतं.

हे पुस्तक ज्या काळात येतं आहे त्याकडेही बघायला हवं. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीसाठी द्यावेत, असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली ठरवलं होतं. मोजकेच देश ते पाळतात. ब्रिटनने २०२० साली आपलं स्वतंत्र विकास खातं परराष्ट्र खात्यात विलीन केलं आणि नंतर मदतीचं प्रमाण कमी केलं. १९६१ साली केनेडींनी स्थापन केलेली अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आफ्रिकेतल्या दवाखान्यांना आणि अन्नछत्रांना त्याचा फटका बसला. भारताची गोष्ट वेगळी आहे. २०१४ साली आपण जागतिक बँकेच्या सर्वांत सवलतीच्या कर्जाच्या यादीतून बाहेर पडलो. १९६४ पासून 'आयटेक' कार्यक्रमातून आपण इतर देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देत आलो आहोत, आणि २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालयात विकास सहकार्याचा स्वतंत्र विभाग आहे. घेणारा देश देणारा झाला आहे. अशा देशाने केळापूरच्या बायांचा अनुभव आपल्या देण्यात उतरवला पाहिजे. आफ्रिकेतल्या एखाद्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला भारताकडून ट्रॅक्टर मिळाला तर चांगलंच आहे. पण तिथल्या बायांना गट कसा बांधावा, पेटीचा हिशेब कसा ठेवावा हे शिकवायला विदर्भातली वर्धिनी गेली, तर ती मदत जास्त दिवस टिकेल.

पुस्तकाची रचना याच विचाराने झाली आहे. सुरुवातीच्या प्रकरणांत यंत्रणा कशी उभी राहिली त्याचा इतिहास आहे. मधली प्रकरणं गट, ग्रामसंघ, कर्ज, शेती आणि वनोपज अशी विषयवार आहेत. मोहफूल, डिंक, तेंदूपत्ता यांच्यावर जगणाऱ्या पोडांचा विचार तिथं वेगळा केला आहे, कारण कापसाच्या गावाला लावलेला नियम त्यांना लागू पडत नाही. शेवटची प्रकरणं फसलेल्या गोष्टींची आहेत. ती घाईत वाचून पुढे जाऊ नये. धोरण आखणाऱ्याला शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथंच आहे.

वाचकाला माझी विनंती आहे की सरकारी यंत्रणा म्हटलं की मनात येणारी निराशा थोडा वेळ बाजूला ठेवावी. या तालुक्यात सरकारचं काम चांगलं झालं तिथं त्याने तीन गोष्टी केल्या: गरीब कोण हे ठरवायचा अधिकार गावाला दिला, पैसा गावात फिरता ठेवला, आणि शिकवायला बाईलाच पाठवलं. काम बिघडलं तिथं यांतली कोणती ना कोणती गोष्ट परत वर ओढली गेली. परदेशी पैसा आज ना उद्या थांबतो, आणि थांबायलाच हवा. पण त्याच्या जागी राज्याने स्वतःच्या अर्थसंकल्पातून कायमची माणसं नेमली पाहिजेत, गटाचं कर्ज कापसाच्या मोसमाला धरून बांधलं पाहिजे, आणि शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर आणलं पाहिजे. बायांनी बैठका घेतल्या, पैसे साठवले, कर्ज फेडलं आणि हिशेब लिहिले. आता राज्याने आपला वाटा द्यायचा आहे.